लानचं बसणं

लान खालकर मला पहिल्यांदा दिसली ती आंघोळीच्या स्टुलावर, आणि तीही रस्त्यावर. सकाळचे सात वाजले असतील. नवरा पहिल्या पाळीला नोटांच्या प्रेसमध्ये गेलेला. दूध तापायला ठेवून मी खिडकीशी आले, तर आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक बाई बसलेली. मोरीत ठेवतात तसला निळा, बुटका, प्लास्टिकचा स्टूल. अंगावर कोरी साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. समोर तसल्याच दुसऱ्या स्टुलावर काचेचा ग्लास आणि त्या ग्लासावर झाकण घातलेली पत्र्याची कसलीशी वाटी. बाई जरा वेळ ग्लासाकडे बघायची, मग रस्त्याकडे बघायची. उठायचं नाव नाही.

जेल रोडच्या आमच्या गल्लीत बायका सकाळी रस्त्यावर यायच्या त्या दूध आणायला, कचरा टाकायला, नाहीतर पोरांना शाळेच्या रिक्षात कोंबायला. बसायला कुणी येत नसे. त्यामुळे बघता बघता इमारतीतल्या सगळ्या बायका खिडक्यांत उभ्या राहिल्या. पहिल्या मजल्यावरच्या पाटीलकाकू तर जिना उतरून थेट माझ्या दारात. "बघितलंस का गं रेखा? खालकरांची नवी सून. म्हातारीनं घराबाहेर काढलेली दिसतेय. बरं, काढली ती काढली, वर बसायला मोरीतला स्टूल दिला. माणुसकी म्हणून काही आहे की नाही!"

मग काय, पाटीलकाकू पुढे आणि मी मागे, अशा आम्ही समेट घडवायला दुसऱ्या मजल्यावर गेलो. दार खालकरांच्या आक्कांनी उघडलं. आक्का म्हणजे प्रकाश खालकरची आई. मूळच्या सायखेड्याच्या, नवरा गेल्यावर मुलाकडे नाशिक रोडला आलेल्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, आवाज असा की गोदेच्या पलीकडच्या काठावर ऐकू जावा. पाटीलकाकू म्हणाल्या, "आक्का, झालं गेलं विसरा. लहान आहे. पोरीला घरात घ्या." आक्कांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बया! मी कशाला काढू तिला बाहेर? तिची तीच गेलीय. कॉफी प्यायला! घरात बसून पी म्हणलं तर म्हणती, घरात कॉफी पीत नसत्यात."

अशी आमची ओळख झाली. आम्ही खाली आलो तर लानने आम्हाला बघून तिसरा स्टूल पुढे सरकवला. पाटीलकाकू "गॅसवर भाजी आहे" म्हणून सटकल्या. मी बसले. माझंही दूध गॅसवर होतं, ते उतू गेलं ते मला नंतर कळलं.

आता ही व्हिएतनामची मुलगी नाशिक रोडला आली कशी, ते सांगायला हवं. प्रकाश साखर कारखान्यांची यंत्रं उभारणाऱ्या एका कंपनीत फिटर होता. कंपनीने त्याला एका कारखान्याच्या कामासाठी तिकडे पाठवलं. कारखान्याच्या फाटकासमोर लानच्या आईची कॉफीची टपरी होती. टपरी म्हणजे चार बुटके स्टूल आणि वर ताडपत्री. प्रकाश पहिल्या दिवशी कामावर जायच्या घाईत होता. ग्लासावर वाटी ठेवलेली, त्यातून कॉफी थेंब थेंब खाली पडतेय, आणि याला घाई. याने वाटी उचलली, हात पोळला, कॉफी सांडली. लानच्या आईने एक शब्द न बोलता दुसरी कॉफी करून पुढे ठेवली आणि हातानेच खूण केली, बस. हे सांगताना प्रकाश दरवेळी म्हणायचा, "वहिनी, मी लग्नबिग्न काही ठरवलं नव्हतं. मी आपला कॉफी व्हायची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात झालं."

लग्न तिकडे झालं, मग इकडे सायखेड्याला पुन्हा झालं. लानला मराठी शिकवलं आक्कांनी. मुद्दाम नाही, दिवसभर तिच्यावर ओरडून. त्यामुळे व्हिएतनामची ही बाई अस्सल सायखेड्याचं बोलायची. "लय ऊन हाय", "मला नाय जमायचं", सगळं. आमच्या शाळेतल्या बाई एकदा माझ्याकडे आल्या होत्या. लानला बघून त्यांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, "आमचं नाशिक कसं वाटलं?" लान म्हणाली, "बरं हाय. पण माणसं लय पळत्यात."

पळत्यात. हे तिचं आमच्याविषयीचं पक्कं मत होतं. इथली माणसं चहा पितात तेसुद्धा उभ्याने, एक पाय सायकलच्या पायडलवर ठेवून, हे तिला बघवत नसे. तिच्या त्या पत्र्याच्या वाटीला तिच्या भाषेत फिन म्हणतात. तळाला बारीक भोकं, त्यात कॉफीची भुकटी, वर चाळणीसारखी चकती, मग उकळतं पाणी आणि झाकण. खाली ग्लासात डब्यातलं घट्ट गोड दूध. थेंब पडत राहतात. या वेळात करायचं काय, तर बसायचं. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, चमच्याने दाबायचं नाही. मी सुरुवातीला दोनदा झाकण उचलून बघितलं तर तिने माझ्या हातावर चापट मारली. "थेंब पडतायत. बस."

स्टूल समोरासमोर ठेवायचे नाहीत, हाही तिच्याकडचा रिवाज. सगळ्यांनी ओळीने, तोंड रस्त्याकडे करून बसायचं. मला ते चमत्कारिक वाटायचं, बसची वाट बघत बसल्यासारखं. लान म्हणायची, "तोंडाकडं बघितलं की माणूस लाजतं. रस्त्याकडं बघितलं की बोलतं." खरं सांगते, त्या स्टुलावर बसून प्रेसला जाणाऱ्या सायकलींकडे बघत मी तिला जे सांगितलं, ते सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. तिच्या भाषेत कुणाला 'चल कॉफीला' म्हटलं तर त्याचा अर्थच 'तुझ्याशी बोलायचंय' असा होतो म्हणे. कॉफी प्यायलाच हवी असंही नाही.

आणि कॉफी संपली की ती थर्मासमधून फिका चहा ओतायची, बिनदुधाचा, गवती चहाची पात घातलेला. मी म्हटलं, "अगं, कॉफीवर चहा? पोटात काय होईल?" तर म्हणे, त्यांच्याकडे टपरीवाला कॉफीनंतर चहा फुकट देतो, म्हणजे माणसाने आणखी बसावं. आता आमच्याकडे चहा झाला की पाहुणा 'बरंय, निघतो' म्हणून चपला शोधायला लागतो. तिच्याकडे चहा आला की बूड आणखी टेकायचं.

तिची आणखी एक गंमत तिने मला फार पुढे सांगितली. भुकटी सैल भरली की थेंब भरभर पडतात, दाबून भरली की सावकाश. तिची आई टपरीवर माणूस बघून भरायची. नको असलेल्या गिऱ्हाईकाला सैल, आवडत्याला दाबून. मी विचारलं, "आणि पाटीलकाकूंना गं?" ती रस्त्याकडे बघत गंभीरपणे म्हणाली, "सैल." काकूंची कॉफी नेहमी लवकर का होते, याचं मला तोवर कोडं होतं.

कॉफीची पावडर तिकडून आणलेली संपल्यावर तिने मेन रोडवरच्या एका मद्रासी अण्णाच्या दुकानातून कच्च्या बिया आणल्या आणि घरी कढईत भाजायला घेतल्या. काळ्याकुट्ट होईपर्यंत. धुराने सगळा जिना भरला. आक्का ओरडत बाहेर आल्या, की हिनं डाळ जाळली. मग त्यांनी कढईत बघितलं, तर लान त्या बियांवर सायखेड्याचं साजूक तूप सोडत होती. तिच्याकडे म्हणे लोणी घालून भाजतात. त्या दिवशी आक्कांचा आवाज खरोखरच गोदेपलीकडे गेला असेल. "अगं, तूप म्हंजी काय पाणी हाय का? देवापुढच्या दिव्याला मी मोजून घालती आन् ही जळक्या बियांना घालती!" लानने ऐकून घेतलं, कढई उतरवली, आणि पुढच्या वेळेपासून आक्का देवळात गेल्या की भाजायला लागली.

पण तूप, धूर हे वरवरचं. आक्कांचा खरा राग होता त्या बसण्यावर. घरातली सून सकाळी उठून रस्त्यावर बसते, येणारे-जाणारे बघतात, ही त्यांना सरळ सरळ बेअब्रू वाटायची. त्यातून लानचा चेहरा. आमच्या सोसायटीला रात्रीचा गुरखा होता बहादूर. नवी माणसं लानला हमखास त्याची बायको समजायची. भाजीवाला तिला "बहादूर को बोलना" म्हणून निरोप द्यायचा. लान निमूटपणे निरोप पोचवायची. आक्कांचा जळफळाट व्हायचा. "खालकरांची सून हाय ती, खालकरांची!" असं त्या दुसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला ओरडून सांगायच्या.

बाकी लानने सगळं ऐकलं होतं. साडी नेसायला शिकली, भाकरी थापायला शिकली, चतुर्थी, नवरात्र, हळदीकुंकू, काही चुकवलं नाही. फक्त हे बसणं सोडायला ती तयार नव्हती. मी एकदा विचारलं, की एवढा हट्ट कशाला, गच्चीत बस की. तिने माझ्या ग्लासात चहा ओतला. मग म्हणाली, "घरात मी कुणाची तरी कुणीतरी हाय. बायको हाय, सून हाय, वैनी हाय. हितं मी नुसती बसलेली हाय." मी त्यानंतर तिला ते कधी विचारलं नाही. उलट त्या दिवसापासून मीच तिच्या स्टुलाची राखण करायला लागले म्हणा ना.

मग वैशालीच्या लग्नाचं निघालं. वैशाली प्रकाशची धाकटी बहीण, आक्कांची लाडकी. एक-दोन स्थळं नाकारून गेली होती आणि त्याला कारण लानचं बसणं आहे, असं पाटीलकाकूंनी आक्कांच्या कानात घातलं होतं. इगतपुरीच्या जाधवांचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, घरची भातशेती, माणसं तोलामोलाची. रविवारी दहा वाजता बघायला येणार होते. आदल्या दिवशी आक्का लानला माझ्यासमोरच म्हणाल्या, "हे बघ लाने, उद्या खाली बसू नगं म्हणलं तर तू ऐकायची नाय. बस. पण आठाच्या आत उठायचं. आन् तुझ्या बसण्यापायी हे स्थळ गेलं, तर तो स्टूल माळ्यावर जाईल. पुन्हा कधी खाली यायचा नाय. कबूल?" लान म्हणाली, "कबूल." ती शब्दाची पक्की होती. म्हणजे स्टूल गेला असता तर खरोखरच गेला असता, हे मला ठाऊक होतं.

पण आपल्याकडे मुलगी बघायला येणारी माणसं आधी काय करतात, हे लानला कुठून माहीत असणार? ती आधी खाली चौकशी करतात. वाण्याकडे, दूधवाल्याकडे, गुरख्याकडे. जाधव आणि त्यांची बहीण, म्हणजे मुलाची आत्या, मुद्दाम सकाळच्या पहिल्या गाडीने पुढे आले होते. मुलगा आणि बाकीची मंडळी मागून येणार होती. साडेसातच्या सुमाराला दोघं फाटकाशी आले, आणि समोर कोण, तर बुटक्या स्टुलावर लान.

मी खिडकीत होते. ऐकू सगळं येत होतं. आत्याबाई म्हणाल्या, "काय गं, तुझा नवरा कुठंय? बहादूर?"

"बहादूर सकाळी जातो," लान म्हणाली. "तुम्ही बसा ना."

आणि तिने स्टूल पुढे केले. थेंब पडत असताना कुणी आलं तर त्याला उभं ठेवायचं नाही, हा तिचा नियम. दोघं बसले. लानने स्वतःसाठी लावलेला ग्लास जाधवांपुढे सरकवला आणि आत्याबाईंसाठी दुसरा लावला. मी लांबून बघितलं, ती अंगठ्याने भुकटी दाबत होती.

"दुसऱ्या मजल्यावरची खालकर मंडळी कशी आहेत गं?" जाधवांनी विचारलं.

लानला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्याकडे कॉफीला बसलेली माणसं असंच बोलतात. "चांगली हायेत," ती म्हणाली.

"मुलगी?"

"वैशाली? रागावली की दार आपटती. पण लगेच हसती. भात जरा चिकट करती. मला तसाच आवडतो."

मी मनात म्हटलं, झालं! इगतपुरीच्या भातवाल्यांना हे सांगायचं होतं का? पदर खोचून मी बाहेर निघाले. तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीतला. "आणि म्हातारी फार कडक आहे म्हणे? पोरानं परदेशी मड्डम आणलीय ना, तिला छळते असं कानावर आलंय. आमची पोरं शहाणीसुरती आहेत, असल्या घराशी सोयरीक नको आम्हाला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परदेशी सून म्हणजे गोरी, सोनेरी केसांची, असं यांनी धरलेलं. समोर बसलेली बाई गुरख्याची. आणि त्याच वेळी मला जिन्याच्या पायथ्याशी आक्का दिसल्या. वरून बघून, गुडघे धरत, तशाच उतरून आल्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला. मी पुढे व्हायला लागले तर त्यांनी माझा दंड धरला.

लान रस्त्याकडे बघत होती. तिला आता सगळं कळलं होतं, हे तिच्या मानेवरून मला दिसलं. ती सावकाश म्हणाली, "म्हातारी लय ओरडती. रोज ओरडती. सुनेला कावीळ झाली तवा बी ओरडत व्हती. पण रातभर तिच्याजवळ खाली चटईवर झोपायची. गुडघे वाकत नाय तिचे. सकाळी उठवायला दोन माणसं लागायची. आन् सून जेवल्याशिवाय ती जेवत नाय. अजून बी नाय."

माझा दंड आक्कांनी इतका घट्ट धरला की वळ उठला.

"आणि सून?" जाधवांनी विचारलं.

"सून हट्टी हाय," लान म्हणाली. "सगळं ऐकती, एक गोष्ट ऐकत नाय."

"कुठली?"

"सकाळी रस्त्यावर बसती."

जाधवांनी आधी तिच्या स्टुलाकडे बघितलं, मग गळ्यातल्या मंगळसूत्राकडे, मग आपल्या हातातल्या ग्लासाकडे. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि जाधव असे हसायला लागले, की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली.

आक्का पुढे झाल्या. आवाज पार बसलेला. "पाव्हणं, वर चला. असं रस्त्यावर कुठं…"

"थांबा हो आक्का," जाधव म्हणाले, "सूनबाईंची कॉफी व्हायचीय अजून. तुम्ही पण बसा."

आता आक्का बसणार कशावर? त्या स्टुलावर बसल्या असत्या तर पुन्हा उठल्या नसत्या. मी धावत घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली. आणि खालकरांच्या आक्का, डोक्यावरचा पदर सारखा करत, आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याकडे तोंड करून बसल्या. दोघी सासू-सुना एकमेकींकडे बघत नव्हत्या. मला हसू येत होतं आणि रडू पण.

सोयरीक झाली. चिकट भाताचं जाधवांनी मनावर घेतलं नाही, उलट मुलगी बघायच्या कार्यक्रमात त्यांनी वैशालीला मुद्दाम विचारलं, की दार आपटून दाखव. ती लाजून आत पळाली, आणि घाईत दार खरंच आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लान खाली आली नाही. स्थळ गेलं नव्हतं, पण आठाच्या आत उठायचं कबूल करून ती साडेनवापर्यंत बसली होती. शब्द तो शब्द. मी वर गेले, तर ती ओट्याशी भाकऱ्या थापत होती आणि आक्का देवापुढे. पूजा आटोपून आक्का बाहेर आल्या, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, आज ते कडू पाणी नाय का करायचं?" लानने पुढची भाकरी थापायला घेतली. "मंग जा की! सात वाजून गेले." लान पिठाच्या हातानेच निघाली. ती दारापर्यंत गेल्यावर आक्का मागून ओरडल्या, "आन् रेखाची ती खुर्ची मांडून ठेव. मला चहा लागतो, तुझं कडू नाय चालत."

पुढची काही वर्षं आमच्या फाटकाबाहेर आधी तीन, मग पाच-सहा बायका बसायला लागल्या. कुणी चहा आणायचं, कुणी निवडायची मेथी आणायचं. ओळीने, रस्त्याकडे तोंड करून. पाटीलकाकूही यायच्या. त्या उठून गेल्या की आक्का खुर्चीतून जाहीर करायच्या, "आज सैल भरलं व्हतं." म्हातारीने बसल्या जागेवरून सगळं टिपलं होतं. त्यांनी कॉफी कधी तोंडाला लावली नाही. लानचा मुलगा मिहीर तिथेच कडुनिंबाखाली रांगला, चालायला लागला, आणि आजीसारखाच मोठ्याने बोलायला लागला.

मग प्रकाशला पुन्हा तिकडचं काम मिळालं. आता बरीच वर्षं राहावं लागणार होतं. लानची आई थकली होती, टपरी बंद झाली होती, तिला बघायला कुणी नव्हतं. लान जायला हवी होती, यात आक्कांनाही शंका नव्हती. आक्कांनी स्वतः मात्र साफ नकार दिला. "मला काय कळायचंय तिकडं? कुणावर ओरडू मी?" काही दिवस वैशालीकडे इगतपुरीला, काही दिवस इथे, असं ठरलं. निघायच्या आठवड्यात दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायच्या. आक्का लाडूचे डबे भरत होत्या, लान आक्कांच्या औषधांच्या पुड्या बांधत होती.

जायच्या दिवशी सकाळी रिक्षा फाटकाशी येऊन उभी राहिली. स्टेशन तसं जवळच, पण प्रकाशचा जीव गाडीत अडकलेला. बॅगा चढल्या, मिहीर पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. लान जिना उतरून आली, तर कडुनिंबाखाली स्टूल मांडलेले. आक्का आपल्या खुर्चीत. आणि एका स्टुलावर ग्लास, त्यावर फिन, झाकण घातलेलं.

आक्कांनी ती कॉफी स्वतः केली होती. इतकी वर्षं नुसतं बघून.

लान बसली. आम्ही सगळ्या उभ्या. प्रकाश घड्याळ बघतोय, रिक्षा फटफट करतेय. ग्लासात खाली दूध, आणि त्यावर काळा थेंब पडायचा पत्ता नाही. बऱ्याच वेळाने एक पडला. मग पुन्हा काही नाही. प्रकाश म्हणाला, "आई, अगं किती दाबून भरलंस? गाडी जाईल."

लानने झाकणाकडे हात नेला. मला वाटलं उचलून बघणार. पण तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"थेंब पडतायत," आक्का रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "बसू दे तिला."

लानही रस्त्याकडेच बघत होती. प्रकाशने एकदा आईकडे बघितलं, एकदा बायकोकडे बघितलं, आणि रिक्षावाल्याला रिक्षा बंद करायला सांगितली.